आकडा आधी ठरतो, माणसं नंतर

म्हातारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे सरकारकडून दरमहा पैसे मिळणारी माणसं आपल्या देशात किती आहेत? प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका जागी सापडत नाही. अमेरिकेत निवृत्ती आणि अपंगत्व या दोन्हींचे पैसे ‘सोशल सिक्युरिटी’ या एकाच व्यवस्थेतून मिळतात आणि ते घेणारे सुमारे ७ कोटी लोक आहेत, हे तिथं दर महिन्याला प्रसिद्ध होतं. आपल्याकडे मात्र चार-पाच दारं हिंडून बेरीज करावी लागते. केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनधारक, संरक्षण दलांतले धरून, ६५ लाखांहून अधिक आहेत. राज्य सरकारांचे वेगळे. कारखान्यांत आणि खासगी आस्थापनांत नोकरी करून भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून, म्हणजे ‘ईपीएस ९५’मधून, पेन्शन घेणारे ७८ लाखांच्या आसपास आहेत. आणि आयुष्यभर राबूनही ज्यांच्या हातात कधी पगाराची पावती पडली नाही, अशा शेतमजूर, मोलकरणी, विधवा, दिव्यांग यांच्यासाठी केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम आहे. त्यात ३ कोटी ९ लाख माणसं येतात. शिवाय राज्यांच्या स्वतःच्या योजना आहेतच. यांतल्या पहिल्या दोन-तीन आकड्यांबद्दल फारसा वाद नाही. जितके निवृत्त झाले तितके मोजले गेले आणि तितक्यांना पैसे मिळतात. शेवटचा आकडा मात्र वेगळ्या जातीचा आहे. गरजू माणसं मोजून तो आलेला नाही. तो आधी ठरवला गेला आणि माणसं नंतर त्यात बसवली गेली. हा फरक समजल्याशिवाय ‘सरकार इतक्या कोटींना पेन्शन देतं’ या वाक्याचा अर्थच लागत नाही, असं माझं म्हणणं आहे.

हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. तेव्हा ६५ वर्षांवरच्या निराधार वृद्धांना महिन्याला ७५ रुपये मिळत. २००६ साली त्याचे २०० झाले. २००७ साली दारिद्र्यरेषेखालच्या सगळ्या वृद्धांना त्यात घ्यायचं ठरलं आणि योजनेला इंदिरा गांधींचं नाव मिळालं. २००९ साली विधवा आणि दिव्यांग यांच्यासाठी स्वतंत्र योजना आल्या. २०११ साली वयाची अट ६५ वरून ६० वर आली आणि ८० पार केलेल्यांची रक्कम ५०० झाली. इथपर्यंतची वाट चढणीची आहे. पण ‘दारिद्र्यरेषेखालच्या सगळ्यांना’ हे शब्द कागदावर राहिले. केंद्रानं प्रत्येक राज्याला लाभार्थ्यांची कमाल संख्या नेमून दिली, आणि ती नेमताना लोकसंख्या धरली २००१ च्या जनगणनेची, गरिबीचं प्रमाण धरलं २००४-०५ चं. वृद्धांसाठीची मर्यादा २ कोटी २१ लाख. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती. म्हणजे तेव्हाच ही मर्यादा पाचांत एकाला पुरणारी होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं भारतातल्या वार्धक्यावर २०२३ साली काढलेल्या अहवालात वृद्धांची संख्या १४ कोटी ९० लाख धरली आहे. त्या हिशोबानं मर्यादा सातांत एकाला पुरते. वृद्ध वाढत गेले, मर्यादा जागची हलली नाही. त्यामुळे एखाद्या राज्यात नव्यानं पात्र ठरलेल्या बाईला केंद्राच्या वाट्यातून पैसे मिळायचे, तर यादीतलं कोणीतरी आधी मरावं लागतं. राज्यानं स्वतःच्या तिजोरीतून भर घातली तर गोष्ट वेगळी.

आता रकमेकडे पाहू, कारण किती जणांना मिळतं हा प्रश्न किती मिळतं यापासून तोडता येत नाही. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा आजही महिन्याला २०० रुपये आहे. विधवा आणि दिव्यांगांचा वाटा २०१२ साली २०० वरून ३०० झाला, त्यानंतर तोही थांबला. २००७ पासून आजवर किमती जवळपास तिप्पट झाल्या आहेत. तेव्हाच्या २०० रुपयांची आजची खरेदीशक्ती ६५ रुपयांच्या आसपास उरते, म्हणजे १९९५ च्या ७५ रुपयांहूनही कमी. दुसरीकडे, केंद्राच्या निवृत्त कर्मचाऱ्याला किमान ९,००० रुपये मिळतात आणि त्यावर दर जानेवारीला आणि जुलैला महागाईचा हिशोब करून भर पडते. कारखान्यातून निवृत्त झालेल्याचं किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर अडलेलं आहे. ते वाढवून मागणाऱ्या देशव्यापी आंदोलनाचं एक मुख्य ठिकाण आपलं बुलढाणा आहे. देशात महागाई एकच आहे. ती तीन वेगवेगळ्या लोकांसाठी तीन प्रकारे मोजली जाते, आणि सर्वांत गरीब माणसासाठी ती मोजलीच जात नाही.

महाराष्ट्राची गोष्ट थोडी बरी आहे, आणि ती बरी का आहे हेही सांगितलं पाहिजे. संजय गांधी निराधार अनुदान योजना इथं १९८० सालची, केंद्राच्या कार्यक्रमापेक्षा पंधरा वर्षं जुनी. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारानं ग्रासलेले अशा अनेकांना त्या योजनेनं एका छपराखाली आणलं. पासष्टीपुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. केंद्राचे २०० रुपये धरून उरलेली रक्कम राज्य घालतं आणि लाभार्थ्याच्या हाती २०२३ च्या जुलैपासून १,५०० रुपये पडतात. गावाकडे याला ‘निराधारचा पगार’ किंवा ‘श्रावणबाळचा पगार’ म्हणतात. मला हा शब्द योग्य वाटतो, कारण घेणाऱ्यांनी त्याला कधी भीक मानलेलं नाही. पण या योजनांच्या उंबरठ्यावर एक अट आहे. दिव्यांग सोडले तर इतरांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याला १,७५० रुपये, आणि तेही एका माणसाचे नव्हेत, अख्ख्या कुटुंबाचे. शेतमजुरीला जाणाऱ्या जोडप्याची आठवड्या-दोन आठवड्यांची कमाई एवढ्यावर जाते. मिळणारा पगारच वर्षाला १८,००० होतो. म्हणजे पात्रतेची रेषा आणि मिळणारी मदत जवळजवळ एकाच उंचीवर येऊन ठेपली आहेत.

या अटीचं खरं रूप दिसतं ते तिच्या शेजारी लाडकी बहीण योजना ठेवली की. जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांना महिन्याला तेवढेच १,५०० रुपये मिळू लागले. तिथं कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला अडीच लाख. ही मर्यादा चुकीची आहे असं मी म्हणत नाही. घरात राबणाऱ्या बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे येणं ही चांगली गोष्ट आहे. पण लाख रुपये वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईचा विचार करा. पासष्टाव्या वर्षापर्यंत ती सरकारच्या दृष्टीनं मदतीला पात्र असते. वय उलटलं, हातपाय थकले, औषधांचा खर्च वाढला, की ती एका योजनेतून बाहेर पडते, आणि दुसऱ्या योजनेच्या दाराशी २१,००० ची पाटी तिला अडवते. तिची गरज वाढली आणि पात्रता संपली. जो आकडा जिल्ह्याच्या तक्त्यात ‘लाभार्थी’ म्हणून दिसतो, त्यात ही बाई नसते. ती वंचित म्हणूनही कुठल्या तक्त्यात नसते, कारण अर्ज करायला गेली तर उत्पन्नाचा दाखलाच आडवा येतो आणि अर्ज दाखल होत नाही. न झालेला अर्ज कोणी मोजत नाही.

दिव्यांगांच्या बाबतीत ही तफावत आणखी मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाची मर्यादा आहे साडेआठ लाखांच्याही आत, म्हणजे शंभरांत तीन. कारण दारिद्र्यरेषेची अट आहेच, वर अपंगत्व किमान ८० टक्के हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेषा आखली. केंद्राची पेन्शन मात्र ८० वरच राहिली. चाळीस आणि ऐंशीच्या मधली माणसं कायद्याला दिव्यांग म्हणून मान्य आहेत, पेन्शनला नाहीत. त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात एक तरतूद आहे, जिची चर्चा फारशी होत नाही: दिव्यांगांना मिळणारी मदत ही इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असली पाहिजे. त्यामागचं कारण व्यवहारातलं आहे. एकाच घरात, एकाच उत्पन्नात, दिव्यांग माणसाचा खर्च जास्त असतो. दवाखान्यात जायला रिक्षा लागते, सोबत कोणीतरी लागतं, आणि त्या सोबतीचा दिवसाचा रोज बुडतो. महाराष्ट्रात ही तरतूद बरीच उशिरा पोचली. २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळानं संजय गांधी आणि श्रावणबाळ या दोन योजनांतल्या दिव्यांगांची रक्कम १,५०० वरून २,५०० केली. या वाढीचा फायदा मिळणारे सुमारे पावणेपाच लाख आहेत. २०११ च्या मोजणीत राज्यातले दिव्यांग २९ लाख ६३ हजार होते.

उरलेले कुठे अडतात? काहींचं उत्पन्न जास्त आहे, हे मान्य. पण राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानं २०१८ साली केलेल्या पाहणीत आढळलं की अपंगत्वाचं प्रमाणपत्रच मुळात २८.८ टक्के लोकांकडे होतं. प्रमाणपत्रासाठी बहुतेकांना जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जावं लागतं, तेही ठरलेल्या वारी. मग तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांकडून उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, आधारला जोडलेलं खातं, आणि हे सगळं जमलं तरी दर वर्षी हयातीचा दाखला. ज्यांचा जन्म घरात झाला आणि ज्यांनी शाळा पाहिली नाही, त्यांना वय सिद्ध करणं हेच एक काम होऊन बसतं. ज्यांच्या बोटांच्या रेषा चाळीस वर्षं खुरपं धरून झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. चालता न येणाऱ्याला आपण चालत नाही हे सांगायला तीनदा तालुक्याला यावं लागतं. जिथं अटी माणसाच्या दुबळेपणावरच बेतलेल्या आहेत, तिथं सगळ्यांत दुबळा माणूस आधी गळतो.

यावर पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो रास्त आहे. सगळ्यांना द्यायचं तर आणायचं कुठून? गणित करून पाहू. देशातल्या १५ कोटी वृद्धांना, कोणालाही न गाळता, महाराष्ट्राइतके महिन्याला १,५०० रुपये द्यायचे म्हटलं तर वर्षाला २ लाख ७० हजार कोटी लागतील. रक्कम मोठी आहे. पण केंद्र सरकारनं २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात आपल्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या पेन्शनसाठी साधारण तेवढीच, २ लाख ७६ हजार कोटींची, तरतूद केली आहे. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाची तरतूद कित्येक वर्षं ९,६०० कोटींच्या घरात आहे. एकीकडे ६५-७० लाख माणसं, दुसरीकडे ३ कोटी. सैनिकाचं किंवा शिक्षकाचं पेन्शन कमी करावं असं मी सुचवत नाही. ते त्यांनी कमावलेलं आहे. सांगायचं एवढंच, की ‘परवडत नाही’ हे वाक्य तिजोरीचा तळ पाहून बोललं गेलेलं नसतं. प्राप्तिकर भरणारे आणि दुसरं पेन्शन घेणारे वगळले तर हा खर्च आणखी खाली येतो. बिहार हे श्रीमंत राज्य नाही. तिथं २०१९ पासून दुसरं पेन्शन नसलेल्या साठीपुढच्या प्रत्येकाला दारिद्र्यरेषेच्या यादीवाचून वृद्धवेतन मिळतं. २०२५ साली रक्कम ४०० वरून १,१०० झाली आणि विधवा-दिव्यांग धरून लाभार्थी कोटीच्या वर गेले. आंध्रात २०२४ च्या जुलैपासून वृद्धांना ४,००० आणि दिव्यांगांना ६,००० रुपये मिळतात. सुरुवातीला ही रक्कम ६५ लाख लोकांपर्यंत गेली. आपल्या शेजारच्या गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना २,००० रुपये देते, आणि पंधरा लाखांच्या त्या राज्यात ती लाखाहून अधिक लोकांना मिळते. राज्याच्या श्रीमंतीशी या आकड्यांचं नातं थोडंच आहे. कोणी काय ठरवलं, याच्याशी जास्त.

दुसरा आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा. दारं उघडली की खोटे लोक शिरतील, मेलेल्यांच्या नावावर पैसे उचलले जातील. असं होतं, आणि महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात मृतांच्या नावे पैसे गेल्याच्या नोंदी केल्या आहेत. त्याच अहवालात हेही आहे की राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाचा काही पैसा दुसऱ्या योजनांच्या प्रसिद्धीकडे वळवला गेला. गळती एकाच बाजूनं होत नाही, हे त्यावरून दिसावं. पण मुद्दा अटींचा आहे. खोटेपणा कशात होतो, ते पाहा. उत्पन्न लपवता येतं, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव घुसवता येतं, अपंगत्वाची टक्केवारी वाढवून घेता येते. वय मात्र सहसा खोटं सांगता येत नाही, आणि माणूस जिवंत आहे की नाही हे गावाला ठाऊक असतं. अट जितकी गुंतागुंतीची, तितकी ती मिळवून देणाऱ्या मधल्या माणसाची किंमत जास्त. म्हणून सर्वांना समान हक्क देणारी योजना ही बोगसगिरीला आमंत्रण नसते, उलट तिच्यात खोटं बोलण्याजोगं फारसं काही उरत नाही. नावं गाळण्याच्या मोहिमांबद्दलही एक बोलायला हवं. त्यांत अपात्र किती सापडले ते जाहीर होतं, पडताळणीला येता आलं नाही म्हणून गळलेले पात्र किती ते नाही. जिवंत माणसं कागदावर मृत ठरल्याचे प्रकार राजस्थान आणि हरियाणात उघडकीला आले. ते उघडकीला आले, कारण त्या माणसांनी आवाज केला. अंथरुणाला खिळलेला माणूस आवाज कुठं करणार?

तिसरा आक्षेप आपल्या मनाला अधिक जवळचा: आईवडिलांना सांभाळणं हे मुलांचं काम, सरकार मध्ये आलं की घरातली माया आटेल. योजनेचं नावच श्रावणबाळ, तेव्हा हा विचार किती खोल आहे हे वेगळं सांगायला नको. मुलांनी सांभाळावं याबद्दल दुमत नाही. आईवडिलांच्या आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा २००७ सालचा कायदाही तेच सांगतो आणि उपविभागीय अधिकाऱ्यासमोर निर्वाहखर्च मागण्याची सोय देतो. पण पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करणारी आई दुर्मीळच, आणि ज्या मुलाच्या स्वतःच्या घरात महिनाअखेरीला तेल संपतं, त्याच्याविरुद्ध निकाल लागून तरी काय मिळणार? मुंबईच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेनं २०१७-१८ साली केलेल्या मोठ्या पाहणीवरून काढलेले निष्कर्ष सांगतात की सुमारे १९ टक्के वृद्धांना कसलंच उत्पन्न नाही. ती माणसं बहुतेक कुटुंबातच राहतात. घरात राहून हात रिकामा असणं हे म्हातारपणाचं मोठं दुःख आहे. दरमहा दीड हजार रुपये स्वतःच्या नावावर आले की तीच म्हातारी नातवाला वही आणून देते, आपल्या गोळ्या आपण घेते, आणि जेवताना तिला संकोच वाटत नाही. मायेला पैशाचा आधार मिळाला तर ती आटत नाही.

राहता राहिला शेवटचा मुद्दा: लोकांनी तरुणपणी स्वतः बचत करावी. अटल पेन्शन योजना त्याच विचारानं २०१५ साली आली आणि तिचे सभासद ७ कोटींच्या पुढे गेले. हा आकडा अनेकदा पेन्शनच्या चर्चेत मिसळला जातो, म्हणून सांगतो, हे ७ कोटी पैसे भरणारे आहेत, घेणारे नाहीत. योजनेत शिरायचं कमाल वय ४० आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी आलेल्यांतल्या सर्वांत मोठ्यांना पेन्शन सुरू होईल २०३५ साली, आणि हप्त्यानुसार ती असेल १,००० ते ५,००० रुपये, आत्ताच ठरलेली, तेव्हाच्या महागाईशी संबंध नसलेली. जे आज सत्तरीत आहेत त्यांना यातून काही मिळायचं नाही. त्यांनी बचत केली नाही असंही म्हणता येत नाही. हमाली, ऊसतोड, बांधकाम यांतून त्यांच्या हाती बचत उरेल इतका पैसा कधी आलाच नाही. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्यानं अंगावर ओझं वाहणाऱ्यांना भविष्य निधी मिळवून दिला, तो लढून. पुढे २०१२ साली बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकारानं पेन्शन परिषद उभी राहिली आणि किमान वेतनाच्या निम्मी रक्कम प्रत्येक श्रमिक वृद्धाला द्या, ही मागणी दिल्लीत जंतर मंतरवर मांडली गेली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली नाकरा खटल्यात म्हटलं होतं की पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे. तो खटला सरकारी नोकरांचा होता. पण ज्या हातांनी धरणं बांधली आणि ऊस तोडला, त्यांच्या कामाला सेवा का म्हणायचं नाही, याचं उत्तर त्या निकालात नाही, आणि संविधानाच्या एकेचाळिसाव्या कलमात म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत साहाय्य मिळण्याबद्दल लिहिताना नोकरदार आणि बिगरनोकरदार असा भेद केलेला नाही.

लवकरच एक कसोटी येते आहे. रखडलेल्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. मोजणी झाली की साठीपुढची माणसं किती, विधवा किती, दिव्यांग किती, हे गावागणिक कळेल. तेव्हा २००१ च्या लोकसंख्येवर बेतलेली २ कोटी २१ लाखांची मर्यादा बदलते, की नवी जनगणना एका फायलीत आणि जुनी मर्यादा दुसऱ्या फायलीत राहते, हे पाहायचं आहे. २०११ च्या मोजणीनंतर दुसरी गोष्ट घडली होती.